रोबोटच्या टेबलापर्यंतची वाट

रोबोट आपल्या मनानं काही कापत नाही. हे पुस्तक हाती घेणाऱ्यानं एवढी गोष्ट आधी पक्की करून घ्यावी, कारण आमच्याकडे नातेवाइकांचा पहिला प्रश्न तोच असतो. मुंबईहून, पुण्याहून कागद येतात, त्यावर 'रोबोटिक लो अँटेरियर रिसेक्शन' (रोबोटनं गुदाशयाचा रोगट भाग काढण्याचं ऑपरेशन) असं लिहिलेलं असतं आणि पेशंटचा मुलगा हळूच विचारतो, "सर, मग डॉक्टर तिथं असतेत का नाही?" असतात, आणि किमान दोन असतात. मुख्य सर्जन टेबलापासून काही फुटांवर कन्सोलशी बसतो. कपाळ टेकवून दोन भिंगांतून आत पाहतो, अंगठा आणि बोटं दोन कड्यांत अडकवतो, पाय पेडलवर ठेवतो. त्याची बोटं हलतील तशी पेशंटच्या पोटात गेलेल्या अवजारांची टोकं हलतात. हाताचा कंप मधल्यामध्ये गाळला जातो. हात तीन सेंटिमीटर सरकला तर अवजार एकच सेंटिमीटर सरकावं, असं प्रमाणही लावून घेता येतं. सर्जननं डोकं भिंगावरून उचललं की यंत्राचे सगळे हात जागच्या जागी थांबतात. पेशंटशेजारी दुसरा सर्जन हात धुऊन, गाऊन चढवून उभाच असतो. अवजारं बदलणं, रक्त ओढून घेणं हे काम त्याचं, आणि वेळ आलीच तर यंत्र बाजूला सारून पोट उघडायची तयारीही त्याचीच.

मी परभणीत सामान्य शल्यचिकित्सा करतो. माझ्या ऑपरेशन थिएटरात रोबोट नाही, आणि या प्रस्तावनेत मला जे म्हणायचं आहे त्यासाठी तो असण्याची गरजही नाही. मोठ्या आतड्याच्या, आणि त्यातही गुदाशयाच्या कर्करोगात रोबोटनं खरोखर काही दिलं आहे. ते काय, कोणाला आणि किती, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आलंच आहे. मात्र जिंतूर, सोनपेठ किंवा पालमच्या माणसाला त्यातलं काही मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा त्या यंत्रापासून पाचशे किलोमीटरवर, एखाद्या साध्या तपासणी टेबलावर ठरतं. मला दोन्ही टोकांबद्दल लिहायचं आहे.

आधी यंत्राचं टोक. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा बारा ते पंधरा सेंटिमीटरचा भाग. तो ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात खोल बसलेला असतो. मागं माकडहाड. पुढं पुरुषांत मूत्राशय आणि प्रोस्टेट, स्त्रियांत गर्भाशय आणि योनिमार्ग. दोन्ही बाजूंनी ज्या बारीक नसा जातात त्यांच्यावर लघवी रोखणं-सोडणं आणि लैंगिक क्षमता अवलंबून असते. पुरुषाचं ओटीपोट अरुंद असतं, तो अंगानं भरलेला असेल तर आणखी अरुंद. अशा ठिकाणी गुदद्वारापासून चार-पाच सेंटिमीटरवर गाठ असली तर सर्जनला एका खोल, निमुळत्या खड्ड्याच्या तळाशी काम करावं लागतं. चहूबाजूंनी हाड, हात शिरत नाही, उजेड नीट पोचत नाही.

या खड्ड्याच्या तळाशी नीट काम कसं करावं, हे शिकायला शल्यशास्त्राला जवळजवळ एक शतक लागलं. अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जननं १९०८ मध्ये पोटातून आणि खालून, असं दोन्हीकडून गुदाशय काढून टाकण्याची पद्धत मांडली. माणूस वाचे, पण जन्मभर पोटावर शौचाची पिशवी लागे. पुढं शिवण्याच्या पद्धती सुधारल्या, स्टेपलर आले, काहींचं गुदद्वार वाचू लागलं. तरी कर्करोग त्याच जागी पुन्हा उगवण्याचं प्रमाण शंभरात वीस-तीसपर्यंत असे. मग इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी दाखवून दिलं की दोष कर्करोगाच्या स्वभावात कमी आणि कापण्याच्या पातळीत जास्त आहे. गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. लसिका ग्रंथी त्या आवरणात असतात आणि कर्करोगाच्या पेशी त्यातच पसरतात. जुने सर्जन बोटांनी चाचपडत गुदाशय सोडवत, त्यात ते आवरण फाटे आणि थोडा रोग मागं राहून जाई. हील्ड यांचं म्हणणं असं की मोसंबीची फोड पापुद्रा न फाटता सुटी करावी, तसं ते आवरण अखंड, डोळ्यांनी पाहत, धारदार अवजारानं सोडवून काढायचं. १९८२ मध्ये त्यांनी ते लिहिलं. पुढं जगभरात हीच पद्धत रुळली आणि पुन्हा रोग उगवण्याचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं.

हे मुद्दाम लांबवून सांगितलं, कारण रोबोटचं सगळं महत्त्व या एका पातळीशी बांधलेलं आहे. या पातळीला सर्जन 'होली प्लेन' म्हणतात. तिथं फारसं रक्त येत नाही. ओढ बरोबर लागली की दोन थरांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे बारीक धागे दिसतात आणि ते कापत गेलं की आवरण आपोआप वर येतं. मिलिमीटरभर आत गेलात तर आवरणात शिराल, मिलिमीटरभर बाहेर गेलात तर नसा जातील.

१९९१ मध्ये मोठ्या आतड्याची पहिली दुर्बिणीची ऑपरेशनं प्रसिद्ध झाली. छिद्रं लहान झाली, पेशंट लवकर उठू लागला. पण साध्या दुर्बिणीतली अवजारं सरळ काठीसारखी असतात, त्यांना मनगट नसतं. पोटाच्या वरच्या भागात त्यानं फारसं अडत नाही. ओटीपोटाच्या तळाशी मात्र काठी हाडाला अडकते, टोक हवं त्या कोनात वळत नाही आणि कॅमेरा धरणाऱ्या सहायकाचा हात दोन तासांनी थरथरू लागतो. अडकलेला सर्जन शेवटी पोट उघडतो.

रोबोटनं नेमकी हीच अडचण धरली. सैनिकांवर लांबून शस्त्रक्रिया करता यावी, या अमेरिकी लष्कराच्या इच्छेतून या संशोधनाला बळ मिळालं. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात इन्ट्युइटिव्ह सर्जिकल ही कंपनी निघाली आणि २००० मध्ये तिच्या 'द विंची' यंत्राला अमेरिकेत पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या रोबोटिक शस्त्रक्रियांची पहिली नोंद अमेरिकेतूनच २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती साध्या, कर्करोग नसलेल्या आजारांसाठी होती. २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अलेसिओ पिगाझ्झी आणि सहकाऱ्यांनी हील्ड यांची पद्धत गुदाशयाच्या कर्करोगात रोबोटनं पार पाडल्याचं लिहिलं. तेव्हापासून या यंत्राला खरं काम मिळालं, असं मी मानतो. अवजाराच्या टोकाला मनगट आलं. चित्र दहा पटींपर्यंत मोठं आणि खोलीसकट दिसू लागलं. कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात आला आणि त्याचं थरथरणं थांबलं. साध्या पित्ताशयासाठी, साध्या अपेंडिक्ससाठी रोबोट वापरावा असं मला अजिबात वाटत नाही. ती कामं साध्या दुर्बिणीनं उत्तम होतात. गुदाशयाच्या खालच्या भागाचा प्रश्न निराळा आहे.

मुंबईत अशी एक शस्त्रक्रिया मी पाहणारा म्हणून बसून पाहिली, तिचा थोडा भाग सांगतो. पेशंट पन्नाशीचा, गाठ खाली, रेडिएशन झालेलं. पोटावर आठ मिलिमीटरची छिद्रं, टेबल डोक्याकडून खाली झुकवलेलं, म्हणजे लहान आतडी आपोआप वर सरकतात. दुसऱ्या कन्सोलच्या भिंगांतून मी पाहत होतो. गुदाशयामागची ती पांढऱ्या धाग्यांची पातळी इतकी मोठी आणि इतकी स्वच्छ दिसत होती की पंचवीस वर्षं पुस्तकात पाहिलेली आकृती प्रत्यक्षात पाहतोय असं वाटलं. डाव्या बाजूच्या नसांचा जुडगा सर्जननं नाव घेऊन दाखवला, त्याच्या कडेकडेनं अवजार फिरवलं आणि नस जागेवर राहिली. एका टप्प्यावर शिरेतून हिरवा रंग दिला. कॅमेऱ्याचा प्रकाश बदलला, ज्या भागात रक्तपुरवठा चांगला तो आतड्याचा भाग हिरवा उजळला आणि जोड त्याच ठिकाणी द्यायचं ठरलं. एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. सर्जनच्या हाताला काही जाणवत नाही. ऊती किती ताणली जातेय हे तो डोळ्यांनी ओळखतो. अनुभवी माणसाला ते जमतं, नवख्याला ते शिकावं लागतं. दाब जाणवून देणारं यंत्राचं नवं रूप २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं आहे, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून जुनीच पिढी कामाला आहे.

एवढं सगळं चांगलं दिसतं, तर पेशंटला फायदा किती? इथं भारावून जाऊन चालणार नाही. लीड्सच्या डेव्हिड जेन यांच्या नेतृत्वाखाली 'रोलार' नावाची चाचणी झाली. १० देशांतले ४७१ रुग्ण चिठ्ठी टाकून निम्मे रोबोटकडे, निम्मे साध्या दुर्बिणीकडे दिले गेले. २०१७ मध्ये निकाल आला. अर्ध्यावर पोट उघडावं लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत १२.२ टक्के, रोबोटमध्ये ८.१ टक्के निघालं, पण हा फरक योगायोगानंही पडू शकला असता. खर्च मात्र दर रुग्णामागं सुमारे ९८० पौंडांनी जास्त आला. त्या वेळी अनेकांनी रोबोटचा विषय संपला असं म्हटलं. मला तेव्हाही ते घाईचं वाटलं होतं, कारण त्या चाचणीतले बरेच सर्जन दुर्बिणीत मुरलेले आणि रोबोटमध्ये तुलनेनं नवे होते. नंतर चीनमधल्या ११ रुग्णालयांनी 'रील' नावाची मोठी चाचणी केली. त्यात दोन्ही पद्धतींत मुरलेले सर्जन होते आणि गाठी गुदाशयाच्या मधल्या-खालच्या भागातल्याच घेतल्या होत्या. काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोग सापडण्याचं प्रमाण दुर्बिणीत ७.२ टक्के, रोबोटमध्ये ४ टक्के आलं. तीन वर्षांनंतर त्याच जागी रोग पुन्हा उगवण्याचं प्रमाण ४ विरुद्ध १.६ टक्के. हे शेवटचे आकडे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

यातून मी काढतो तो अर्थ असा. खालच्या गुदाशयाची गाठ, पुरुष, अरुंद ओटीपोट, आणि रोबोटवर पुष्कळ हात बसलेला सर्जन, हे सगळं जुळून आलं तर रोबोटचा फायदा खरा आहे. यातलं एकही नसेल, तर अनुभवी सर्जनच्या हातची साधी दुर्बीण किंवा उघडं ऑपरेशन कुठंही कमी नाही. सर्जन निवडावा, यंत्र नंतर.

महाराष्ट्रात हा अनुभव प्रामुख्यानं मुंबई-पुण्यात साठला आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात गेल्या दशकभरात रोबोटिक शस्त्रक्रिया रुजली, आणि गुदाशयाच्या कर्करोगात डॉ. अवनीश सकलानी यांच्या गटाचं काम देशभर वाचलं जातं. सरकारी बाजूला मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात २०२५ मध्ये रोबोट आला. पुण्या-मुंबईची खासगी रुग्णालयं त्याआधीपासून या वाटेवर आहेत.

आता दुसरं टोक.

गेली अनेक वर्षं माझ्या ओपीडीत एक प्रसंग ठरलेला आहे. बाई किंवा माणूस आत येतो, आजूबाजूला पाहतो, खुर्चीच्या कडेवर बसतो. "साहेब, मूळव्याध हाय." कोणी सांगितलं? गावात सांगितलं. दोन वर्षं चूर्ण चालू आहे, कोणी इंजेक्शन दिलं, कोणी दोरा बांधला. रक्त थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. "तपासलं का कोणी?" उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. पाहिलं, पण तपासलं नाही. मी हातमोजा चढवतो, जेली लावतो, डाव्या कुशीवर वळायला सांगतो. तर्जनी सात-आठ सेंटिमीटरपर्यंत पोचते. मूळव्याध बोटाला बहुधा लागतच नाही, ती मऊ असते. कर्करोगाची गाठ लागते. कडा कठीण आणि उंचावलेली, मध्ये खड्डा, आणि बोट बाहेर काढल्यावर मोज्याला काळपट रक्त. या तपासणीला एक मिनिट लागतं. त्या एका मिनिटात मला कळतं की गाठ किती खाली आहे, ती हलते की घट्ट बसली आहे, गुदद्वाराचा स्नायू त्यात सापडला आहे की नाही. रोबोटिक सर्जनला पुढं जे ठरवायचं असतं त्यातलं निम्मं इथंच ठरलेलं असतं.

परभणी, सेलू, मानवत, कुठंही बसस्टँडच्या बाहेर भिंतींवर पाहा. मूळव्याध, भगंदर, बिनऑपरेशन, खात्रीशीर. यातल्या कित्येकांकडं पदवी नसते. लोक त्यांना सरसकट 'बंगाली डॉक्टर' म्हणतात. सगळा राग त्यांच्यावर काढून मी मोकळा होऊ शकत नाही, कारण पदव्या असलेल्या आमच्यातलेही पुष्कळ जण बोट न घालता मलम लिहितात. बाई पेशंट असेल तर लाज दोन्ही बाजूंनी आड येते. सोबत परिचारिका हवी, पडदा हवा, समजावून सांगणारा आवाज हवा. हे कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकतं, त्याला यंत्र लागत नाही. रक्त दिसेल, शौचाची सवय बदलेल, शौच करून आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटणार नाही, हिमोग्लोबिन विनाकारण उतरेल, तर बोटानं तपासणी आणि मग कोलोनोस्कोपी. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाचं रक्त कमी झालं की आपल्याकडे लोहाच्या गोळ्या आणि प्रसंगी रक्ताची बाटली दिली जाते. ते रक्त गेलं कुठं, हे फार थोडे जण विचारतात. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यातली गाठ कित्येकदा एवढीच खूण दाखवते.

"आपल्याकडे हा रोग कुठं असतो?" असं काही सहकारीही म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. परभणीपासून फार लांब नसलेल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तीत बार्शीसोबत परंडा आणि भूम तालुक्यांतली गावं आली, म्हणजे मराठवाड्याचा एक तुकडा त्या नोंदीत आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण तिथं मुंबईच्या मानानं पुष्कळ कमी आढळत आलं आहे. युगांडात काम केलेल्या डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये तंतुमय अन्न आणि या रोगाचा संबंध मांडला होता. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या, 'परभणी मोती'सारखं ज्वारीचं वाण देणाऱ्या कृषी विद्यापीठाच्या गावच्या माणसाला ते पटायला वेळ लागत नाही. पण तेवढ्यावर विसंबू नये. भारतात दर वर्षी पासष्ट हजारांच्या आसपास नवे रुग्ण निघतात. आपल्याकडे गुदाशयाचा वाटा मोठा आहे आणि माणसं तरुण वयात आजारी पडतात. टाटामधल्या आठशे रुग्णांच्या एका पाहणीत सरासरी वय सत्तेचाळीस होतं. पाश्चात्य देशांत हा म्हातारपणाचा रोग मानला जात आला आहे. माझ्यासमोर बसणारा माणूस बहुधा शेतात उभा राहून घर चालवणारा असतो.

निदान झालं की प्रवास सुरू होतो. त्याची आखणी कोणी करून देत नाही, म्हणून या पुस्तकाची काही पानं तिला दिली आहेत. खालच्या गुदाशयाच्या गाठीला बहुधा थेट ऑपरेशन होत नाही. आधी एमआरआय, मग रेडिएशन आणि औषधं. रेडिएशन पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. काही रुग्णांना पाच दिवसांचा छोटा कोर्सही चालतो, आणि लांबून येणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. डॉक्टरांना तो प्रश्न जरूर विचारावा. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून मराठवाड्याला मोठा आधार आहे. तिथं रेडिएशन घेऊन ऑपरेशनसाठी मुंबईला जाणारेही असतात. परभणीहून रात्री देवगिरीनं निघालेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो. त्याच्या फाईलमध्ये बायोप्सीचा काचेचा तुकडा आणि मेणाचा ठोकळा असला तर त्याचे आठवडे वाचतात, नुसता कागद असला तर सगळं पहिल्यापासून. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं कर्करोगाच्या किती कुटुंबांना आसरा दिला आहे हे परळला राहून आलेल्या कोणालाही विचारा.

पैशाचं स्पष्ट बोललं पाहिजे. रोबोटची किंमत कोटींत आहेच, शिवाय प्रत्येक अवजारात ते किती वेळा वापरलं याची मोजणी करणारी चिप असते. ठरलेली संख्या झाली की अवजार चांगलं दिसत असूनही यंत्र ते स्वीकारत नाही. हा खर्च शेवटी बिलात उतरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं कवच देते. कर्करोगाची शस्त्रक्रिया तीत होते, पण ती कोणत्या पद्धतीनं होणार आणि रोबोटचा वरचा भार कोणाच्या माथी, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी विचारून घ्यावं. खासगी विमा असेल तर २०१९ च्या नियमांनुसार विमा कंपनीला रोबोटिक शस्त्रक्रिया म्हणून दावा सरसकट नाकारता येत नाही, मात्र रकमेची मर्यादा घालता येते. ती मर्यादा पॉलिसीच्या आतल्या पानांवर असते. रोबोटसाठी शेत विकायला निघालेल्या कुटुंबाला मी नेहमी थांबवतो. चांगल्या सर्जनकडं साध्या पद्धतीनं, वेळेत झालेलं ऑपरेशन हे सहा महिने पैसे जमवून केलेल्या रोबोटिक ऑपरेशनपेक्षा केव्हाही सरस.

आणि पिशवी. रोबोटनं करा नाहीतर कशानंही, खालचा जोड दिला की तो भरून येईपर्यंत बहुधा लहान आतड्याचं तोंड काही महिने पोटावर काढून ठेवतात, त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या रुग्णालयात स्टोमा नर्स शिकवते, गावात परतल्यावर ते शिकणं एकट्याच्या अंगावर येतं. पिशवीतून पातळ शौच वाहतं आणि त्याबरोबर पाणी आणि मीठ जातं. परभणीचा मे महिना त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा. शेतात गेलेला स्टोमाचा माणूस दुपारपर्यंत शोषून जातो, लघवी कमी होते, पायात गोळे येतात आणि मूत्रपिंड बिघडून भरती व्हावं लागतं. ऑपरेशन मुंबईत निर्दोष झालेलं असतं आणि माणूस गंगाखेडच्या उन्हात अडचणीत येतो. म्हणून ओआरएस किती, पाणी केव्हा, पिशवीचं भोक मापानं गोल कसं कापायचं, हे या पुस्तकात रोबोटच्या चित्रांइतक्याच काळजीनं दिलं आहे. बायकोनं, सुनेनं, मुलानं ती पानं आधी वाचावीत. पिशवीमुळं माणूस पंक्तीत बसायचा थांबतो, वारीला जायचा थांबतो, हे मी पाहिलं आहे. त्याची काही गरज नसते.

लांबून ऑपरेशन करता येईल का, हा प्रश्न आता दर कार्यक्रमात येतो. ७ सप्टेंबर २००१ ला जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या बाईचं पित्ताशय काढलं, तेव्हापासून हे शक्य आहे हे जगाला माहीत आहे. भारतातही सुधीर श्रीवास्तव यांच्या गटानं 'एसएसआय मंत्रा' हा देशी रोबोट बनवला आणि जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्राममधून जयपूरच्या रुग्णांवर हृदयाच्या शस्त्रक्रिया केल्या. देशी यंत्र स्वस्त होत जाईल ही मला सर्वांत आशेची गोष्ट वाटते. पण परभणीच्या टेबलावर मुंबईच्या सर्जनचा हात उतरवण्याआधी परभणीत भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, आणि रक्तस्राव झाला तर त्याच क्षणी पोट उघडून तो थांबवू शकणारा माणूस लागेल. तो माणूस असेल तर बरंचसं काम तोच करील. आज गरज आहे ती लांबच्या सल्ल्याची. २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळं जिल्ह्यातल्या डॉक्टरला स्कॅन आणि रिपोर्ट पाठवून मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांचं मत घेण्याची वाट खुली झाली आहे. त्यानं कित्येकांची एक फुकटची मुंबईवारी टळते आणि ज्याला खरंच जायला हवं तो लवकर पोचतो.

मराठवाड्यातल्या आमच्या पिढीतले बहुतेक सर्जन संभाजीनगर, अंबाजोगाई किंवा नांदेडच्या महाविद्यालयांतून आले. परभणीला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये मिळालं, शंभर जागांचं. ती पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास इंटर्नशिप संपवून बाहेर पडेल आणि त्यातले कित्येक जण जिल्ह्यातल्याच आरोग्य केंद्रांत रुजू होतील. त्यांच्यातल्या काहींशी मी बोलतो, तेव्हा त्यांना रोबोटबद्दल विचारायचं असतं आणि ते विचारतात तेही नेमकं. त्यांची ही ओढ मला फार आवडते. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण मात्र गुदतपासणीवर आहे: पेशंटला काय सांगायचं, कसं झोपवायचं, बोटाला काय लागलं तर केस-पेपरवर कोणत्या शब्दांत लिहायचं आणि त्याच दिवशी कुठं पाठवायचं. रोबोटचं प्रकरण त्यानंतर बऱ्याच पानांनी येतं. हा क्रम मीच सुचवला, आणि या मुलांनी तो तसाच वाचावा अशी माझी विनंती आहे.